वाराआधी टाच

४ मार्च

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. बायको शेजारीच बसली होती. तिने इतक्या जोरात मान डोलावली की मला तिचीच काळजी वाटली. सकाळी चालायला जा असंही सांगितलंय, म्हणून रबरी तळव्याचे बूट घेतले. आता घरात शिरलो तरी कुणाला चाहूल लागत नाही. त्यातली तेवढीच एक मजा.

तर लिहितो. सिनेमातल्या तलवारबाजीचा मी मास्टर. कुणी कुठे वार करायचा, कुणी कसा अडवायचा, कुणी जिन्यावरून कसं गडगडायचं, हे मी बसवतो. नवीन काम आलंय. मूळ फ्रेंच कादंबरी, उशाला घेता येईल एवढी जाड. तिच्यावर आमच्याच स्टुडिओत फार पूर्वी एक सिनेमा झाला होता, काळा-पांढरा, लोकांनी डोक्यावर घेतलेला. तोच आता नव्याने, रंगीत करायचाय. सैन्यातून हाकललेला एक शिपाई लहानग्या राजपुत्राला घेऊन गावोगाव पळतो, मागे काळ्या डगल्यातला सेनापती. शेवटी बुरुजाच्या गोल जिन्यावर दोघांची झुंज.

जुन्या सिनेमातली ती झुंज आमच्या वस्तादांनी बसवली होती. त्यांचे शिष्य म्हणून आता आम्ही दोघेच उरलोय, मी आणि भावोजी. भावोजी म्हणजे ताईचा नवरा. मी उनाडक्या करत फिरायचो तेव्हा त्यांनीच मला कानाला धरून वस्तादांसमोर उभं केलं. हात त्यांचा माझ्यापेक्षा सरस, आजही. पण निर्मात्यापुढे बसून चार शब्द बोला म्हटलं की तोंडाला कुलूप. म्हणून मास्टर मी झालो आणि ते माझ्या हाताखाली आले. यात माझा काय दोष?

सेनापतीचं काम करणाऱ्या नटाचे गुडघे गेलेत. तेव्हा झुंजींमध्ये काळा डगला घालून भावोजी लढणार. सांगितलं तेव्हा कितीतरी वेळ हसत राहिले. "वस्तादांची झुंज," एवढंच म्हणाले.

७ मार्च

दिग्दर्शकाने सगळ्यांना जुना सिनेमा दाखवला. छोटंसं थिएटर, मागे मस्त मऊ खुर्च्या. भावोजी जाऊन बसले ते थेट पहिल्या रांगेत, पडद्याला नाक लावून. मी मागून हाका मारतोय, पण ऐकतील तर शपथ. जिन्यावरची झुंज सुरू झाली म्हणून उठून बघायला गेलो, तर यांचे डोळे मिटलेले. म्हटलं, धन्य आहे. ज्या झुंजीसाठी महिनाभर घाम गाळायचा ती सुरू असताना हे झोपा काढतायत. बाहेर आल्यावर विचारलं, झाली का झोप? तर म्हणाले, "टाचा सगळ्या जशाच्या तशा ऐकू येतात रे अजून."

टाचेचं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही. वस्तादांचा नियम होता, वार करण्याआधी टाच जमिनीवर आपटायची. खट्, मग वार. ते म्हणायचे, पडद्यावर समोरचा तुझा वैरी आहे, इथे तो तुझा माणूस आहे. आपल्या माणसावर न सांगता वार करायचा नाही. आम्ही दोघांनी आयुष्यभर तसंच केलं. म्हणून आमच्या दोघांच्या अंगावर एकमेकांच्या हातची एकही खूण नाही.

१३ मार्च

तालीम सुरू झाली. भावोजींचं काहीतरी बिनसलंय. सिनेमाच्या मध्यावर शिपाई आणि सेनापतीची अंगणात एक झुंज आहे, तीत मी हिरोला डावीकडून चार वार दिले होते. हे म्हणे सगळे उजवीकडून घे. का, तर "तसं बरं दिसेल". इतकी वर्षं मी जे बसवलं ते निमूट केलं आणि आता बरं-वाईट दिसायला लागलं होय? बरं म्हटलं, फिरवले वार. मोठेपणा त्यांचा, घाम माझा.

चहाला बसलो तर कप ठेवला तो टेबलाच्या बाहेरच. पायावर सांडला. ताईकडे स्कूटर दिलीय चालवायला आणि हे मागे बसून येतात, हवा खात. मी म्हटलं, भावोजी, संसारात उशिरा का होईना, ऐश सुरू केलीत. हसले. घेतायत बहुतेक थोडी थोडी. ताईला विचारायला हवं.

१८ मार्च

हिरो मुलगा चांगला आहे. एवढं नाव झालंय तरी पाया पडतो, वेळेवर येतो. पण टाच वाजवायचा त्याला कंटाळा. घोड्यासारखं वाटतं म्हणाला. मी म्हटलं, असू दे, मोजून करू. तर भावोजी तलवार खाली टाकून उभे राहिले. टाच नसेल तर मी लढणार नाही, सरळ सांगितलं. सगळ्यांसमोर. ज्या माणसाने आयुष्यात निर्मात्याकडे पाण्याचा ग्लास मागितला नाही तो असा अडून बसला. शेवटी हिरोच म्हणाला, मास्टर, वाजवतो मी, त्यात काय.

पण मास्टर कोण, हा प्रश्न त्या पोराला पडला असेलच. मलाही पडला.

२४ मार्च

आज अंगणातली झुंज घेतली. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. कॅमेरा एकदाही न थांबता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. हिरो नवखा, पण भावोजींनी त्याला असं काही सांभाळून घेतलं की तोच पट्टीचा लढवय्या वाटावा. दर वेळी टाच वाजते न वाजते तोच यांचं पातं तिथे हजर. वस्ताद असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला, भावोजींच्या डाव्या अंगाला उभा राहून त्याने हात पुढे केला. आणि भावोजी? चालू पडले. त्याचा हात तसाच राहिला. त्याने तो खिशात घातला आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसला.

मी मागे धावलो. म्हटलं, एवढा माज बरा नव्हे, एवढा मोठा माणूस हात पुढे करतो आणि तुम्ही ढुंकून बघत नाही? एकदम थांबले. "हात पुढे केला होता?" असं विचारलं, जसं काही ठाऊकच नव्हतं. मग परत जाऊन त्याची माफी मागितली. पण झालं ते झालं. पडलो तरी नाक वर, अशी गत.

२९ मार्च

ताई दुपारी डबा घेऊन आली होती. जेवण झाल्यावर डबा पुसता पुसता म्हणाली, "तुझं आणि ह्यांचं बोलणं झालं का?" मी विचारलं, कशाबद्दल? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग त्यांनाच विचार. मी शब्द दिलाय. पण विचार, एवढं ऐक माझं."

मला काय कळत नाही का? हे सगळं पाट्यांवरून चाललंय. सिनेमाच्या सुरुवातीला नावांची पाटी येते, तलवारबाजी अमुक अमुक. तिथे यांना स्वतःचं नाव हवंय. वस्तादांची झुंज, त्यामुळे थोरला शिष्य मी, असा हिशेब. उघड बोलायची हिंमत नाही, म्हणून हे असं वार फिरवणं, अडून बसणं, हात न देणं. बरोबरही असेल त्यांचं. मला सगळं त्यांनीच शिकवलं. पण म्हणून माझ्या पोटावर पाय?

विचारणार होतो. ते मेकअपच्या खोलीत एकटेच बसले होते, आरशाकडे पाठ करून. मी दारात उभा होतो. माझे हे बूट वाजत नाहीत, त्यामुळे त्यांना कळलं नाही. उलट्या पावली परत आलो. विचारलं आणि त्यांनी खरंच नाव मागितलं तर काय उत्तर देणार होतो?

२ एप्रिल

बुरुजाचा जिना उभा राहिलाय. लाकडी आहे, वरून दगडासारखा रंगवलेला. झुंजीच्या मधे मधे हिरो आणि सेनापतीचे संवाद आहेत, आणि आवाज टिपणारा रडायला लागला. लाकडावर टाचा अशा वाजतात की त्याला एक शब्द ऐकू येईना. मी म्हटलं, एवढंच ना? सगळ्या पायऱ्यांवर काळं रबर चिकटवून घेतलं. दिग्दर्शक खूश. हिरोही खूश, गुडघ्यांना बरं म्हणाला.

भावोजी पहिल्या पायरीवर उभे राहिले, टाच आपटून पाहिली. पुन्हा आपटली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हे काढता येईल का रे?"

मी म्हटलं नाही. मोठ्याने म्हटलं, चार माणसं ऐकतील असं. एकदाचं कळू दे मास्टर कोण ते.

"मग तू माझ्या डाव्या हाताला उभा राहा आणि मोज," ते म्हणाले.

मी विचारलं, पाळणा पण आणू का हलवायला? लोक हसले. भावोजीही हसले. म्हणाले, बरं, बघू.

३ एप्रिल

डॉक्टरांनी लिहा म्हटलंय म्हणून लिहितोय.

जिन्यावरचा पहिलाच शॉट. हिरो खालून वर चढतोय, भावोजी वर. पहिला वार, दुसरा, दोन्ही कसेबसे अडवले. तिसऱ्याला भावोजींची तलवार उठलीच नाही, आणि उठली ती नको तिथे उठली. टोक हिरोच्या भुवईला लागलं. पातं बोथट असतं, पण भुवई ती भुवई. चेहऱ्यावरून रक्ताची धार. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. किंकाळ्या, धावपळ, दवाखाना, टाके. पोरगं जाताना म्हणत होतं, मास्टर, मी टाच वाजवली होती हो, पण आवाजच आला नाही. म्हणजे तोच माफी मागतोय.

आणि भावोजी वर तसेच उभे. दिग्दर्शक माझ्याकडे बघतोय. निर्मात्याचा माणूस माझ्याकडे बघतोय. मी ओरडलो, "डोळे फुटलेत का तुमचे?"

मग म्हटलं, घरी जा, उद्यापासून येऊ नका. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, शंभर माणसांदेखत. त्यांनी तलवार फिरवून मूठ माझ्याकडे केली, वस्तादांनी शिकवलं होतं तशी, आणि पुढे धरली. मग कठडा चाचपत एकेक पायरी उतरत गेले. एवढा वेळ लावला की माझा आणखी संताप झाला. लोकांना दया यावी म्हणून चाललंय सगळं, असं वाटलं.

ताईला बोलवावं लागलं नाही. फाटकापाशीच उभी होती स्कूटर घेऊन.

११ एप्रिल

भावोजींच्या जागी एक मुलगी आलीय. देशासाठी तलवारबाजी खेळलेली. सगळे तिला चॅम्पियन म्हणतात. काळा डगला घातला की ओळखू येत नाही. हिरोची भुवई झाकून जिन्यावरची झुंज दोन दिवसांत उरकली. साफ काम. तिने एकदाही टाच मागितली नाही. नजर अशी की समोरच्याचा खांदा हलला की हिला वार कळतो.

सगळं छान झालं आणि मला घरी जावंसं वाटेना. बायको ताट वाढते आणि आत जाते. ताई फोन उचलत नाही. मी काय चूक केली? दुसऱ्या कुणी हिरोचं तोंड फोडलं असतं तर मी हेच केलं असतं. घरचा माणूस म्हणून सोडून द्यायचं का? उद्या उठून कुणाचा डोळा गेला असता तर?

पण दुसऱ्या कुणाला मी बाजूला घेऊन आधी विचारलं असतं, काय झालं रे म्हणून. हे बायकोचं म्हणणं आहे. स्वयंपाकघरातून म्हणाली, माझ्याकडे न बघता.

१९ एप्रिल

संकलन करणाऱ्या बाईंनी अंगणातल्या झुंजीचे तुकडे बघायला बोलावलं. दुसऱ्या कॅमेऱ्याने जवळून घेतलेला भावोजींचा चेहरा होता, तो कापायचाच होता. मी खुर्ची ओढून बसलो, मुद्दाम, काय माज होता तो बघावा म्हणून.

बाई म्हणाल्या, एक गंमत बघा मास्टर, हे गृहस्थ तलवारीकडे बघतच नाहीत. मी बघितलं. हिरो समोर आणि यांची नजर भलतीकडेच, हिरोच्या खांद्यापलीकडच्या भिंतीवर. हनुवटी किंचित वळलेली, कान पुढे. बाईंनी आवाज चालू केला. खट्, आणि यांचं पातं उठतं. खट्, आणि उठतं. मग त्यांनी आवाज बंद करून तेच दाखवलं. आवाज नसताना ते कुणीतरी अंधारात चाचपडावं तसे दिसत होते.

"हे ऐकून लढतायत," बाई म्हणाल्या. "दिसत नाही का त्यांना?"

मी पाणी मागितलं. पहिली रांग. चहाचा कप. दिग्दर्शकाचा हात. कठडा. मी म्हटलं होतं, डोळे फुटलेत का तुमचे. देवा, मी हे म्हटलं होतं.

आणि ते रबर मी लावलं होतं, माझ्या हाताने.

२० एप्रिल

गेलो. ताईने दार उघडलं आणि तिथेच उभं राहून सगळं सांगितलं, आत ये सुद्धा न म्हणता. डावा डोळा गेल्या वर्षीच गेला. उजवा विझत चाललाय, उपाय नाही. या सिनेमाचं ऐकलं तेव्हा म्हणाले, वस्तादांची झुंज तेवढी करतो आणि थांबतो. मग मीच सांगतो त्याला, तू बोलू नकोस. "मी शब्द पाळला," ताई म्हणाली, "आणि तुला एक प्रश्न विचारता आला नाही."

भावोजी गॅलरीत बसले होते. मी अगदी जवळ गेलो तेव्हा त्यांनी मान वळवली.

"तू आहेस होय. वाजत नाहीस अलीकडे. रबरी बूट घेतलेस?"

मी खाली बसलो. म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर मला काढलं असतंस."

"मग काय झालं? तरी काढलंच."

"हो. पण अंगणातली झुंज झाली ना मधल्या मधे," आणि ते चक्क हसले.

मी नाही नाही ते बोललो. चला परत, रबर काढून टाकतो, जिना पुन्हा बांधायला लावतो, दिग्दर्शकाचे पाय धरतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "मला काढलंस ते बरोबर केलंस. त्या पोराच्या डोळ्यापाशी गेली होती माझी तलवार. हट्ट माझा होता, न दिसता उभं राहायचा. माझंही चुकलं." मग माझ्याकडे वळले. "फक्त टाच वाजवायची होतीस रे. वस्तादांनी दुसरं काय शिकवलं आपल्याला?"

ताईने चहा आणला. त्यांच्या हातात कप दिला आणि सोडण्याआधी त्यांची बोटं त्याच्याभोवती नीट बसवली. मी ते पहिल्यांदाच बघितलं.

२ मे

आज रागाचं काही नाही, तरी लिहितो. दिग्दर्शकाला म्हटलं, नावांच्या पाटीत भावोजींचं नाव आधी, मग माझं. तो लगेच हो म्हणाला. एवढं सोपं होतं ते. भावोजींना सांगितलं तर म्हणाले, "पाटी? मला काय वाचता येणारेय का आता?" मग माझा पडलेला आवाज ऐकून म्हणाले, बरं, तुझ्या ताईला वाचून दाखवायला सांगेन.

मी दुसरंही एक मागितलं. अंगणातल्या झुंजीत टाचा ठेवा. त्याला तो नाही म्हणाला. तिथे मोठा वाद्यवृंद वाजणार, टाचांचा आवाज घोडे नाचल्यासारखा येतो. वस्तादांच्या सिनेमात होत्या हो, असं म्हणालो, तर म्हणाला, तो काळ वेगळा होता मास्टर.

मे महिन्यापासून इथे काही लिहिलं नव्हतं. आज १७ ऑक्टोबर.

सिनेमा तयार झाला. कामगारांसाठी पहिला खेळ ठेवला होता, त्याच छोट्या थिएटरात. मी भावोजींना घेऊन गेलो. उजव्याही डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. माझ्या कोपराला धरून आले. मी विचारलं, कुठे बसायचं? म्हणाले, "मागे, मऊ खुर्चीत. पुढे बसून आता काय करायचंय?"

ताई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पाटी आली तेव्हा ताईने कानात वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. राजपुत्र पळाला, घोडे दौडले, लोक हसले. भावोजी पुढे वाकून ऐकत होते. मग पडद्यावर अंगण आलं. काळ्या डगल्यातले भावोजी आले, तलवारी भिडल्या आणि वाद्यवृंद असा काही सुरू झाला की खुर्च्या हादरल्या. टाच नाही की पातं नाही. नुसतं संगीत.

भावोजी माझ्याकडे वळले. "आपली झुंज कधी आहे रे? की कापली?"

समोर ते लढत होते. आयुष्यात लढले नसतील असे लढत होते, आणि त्यांना विचारावं लागत होतं.

मी आज जुने बूट घातले होते, चामडी तळव्याचे. का घातले ते निघताना माझं मलाही कळलं नव्हतं. पडद्यावर हिरोचा पाय उचलला गेला आणि मी टाच जमिनीवर आपटली. खट्.

भावोजींचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. मनगट उठलं.

पुढचा वार. खट्. मनगट फिरलं. वार तोंडपाठ होते मला, सगळे मीच बसवले होते, त्यांच्या सांगण्यावरून उजवीकडे फिरवलेले. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून श्श म्हणालं. दिग्दर्शकानेही मान वळवली. मी थांबलो नाही. पडद्यावरचे भावोजी आणि खुर्चीतले भावोजी एकाच वेळी वार अडवत होते, आणि ताई तोंडाला पदर लावून बसली होती. शेवटच्या वाराच्या वेळी मला पडदा नीट दिसेना. डोळे पुसण्यात क्षणभर गेला, मग टाच वाजवली.

संगीत थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावोजींनी हात मांडीवर घेतला आणि माझ्या बाजूला झुकले.

"शेवटची उशिरा वाजवलीस," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.